नाशिकला जायचंय? आधी छाटणी कधी ते विचारा

तुमच्याही फोनमध्ये असा एक ग्रुप असणार. नाव ‘नाशिक फायनल’, मेंबर पाच-सहा, डीपीला द्राक्षांचा घड आणि शेवटचा मेसेज चार महिन्यांपूर्वीचा: ‘घरी विचारून सांगतो.’ मुंबईपासून जेमतेम पावणेदोनशे किलोमीटरवर देशातला सगळ्यात गाजलेला वाइनचा पट्टा आहे. तरी अर्धे प्लॅन ग्रुपवरच मरतात आणि उरलेले अर्धे आमच्या पहिल्या प्लॅनसारखे होतात.

आमचा पहिला प्लॅन ऐकाच. इंटर्नल्स संपल्या, सबमिशनला वेळ होता, म्हणून आम्ही पाच जण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. डोक्यात रील्समधलं चित्र पक्कं होतं. हिरव्यागार रांगा, लोंबणारे घड, मागे डोंगर, हातात ग्लास. प्रत्यक्षात दिसले ते तारांना बांधलेले तपकिरी खुंट. पान म्हणून नाही. ऊन तर असं की चपलेतून पाय भाजत होते. वायनरीच्या टूरवर गाईडने टाक्या दाखवल्या, द्राक्षं दाबायचा प्रेस दाखवला आणि अगदी सहज म्हणाला, “महिनाभर आधी आला असतात तर हे सगळं चालू होतं.” आमच्यातल्या एकाने त्या खुंटांसमोर फोटो काढून खाली लिहिलं, ‘सरपणासोबत.’

त्यावर हसलो. पुढे जे झालं त्यावर मात्र कुणाला हसू आलं नाही. टेस्टिंगच्या काउंटरवर वयाचा पुरावा मागितला. आमच्यातल्या दोघांना एकवीस पूर्ण नव्हती. पाच जणांची ट्रिप तिथेच दोन तुकड्यांत मोडली. तिघं आत, दोघं बाहेर बाकावर लिंबू सरबत घेऊन. त्या दोघांनीही गाडीचे पैसे आमच्याइतकेच दिले होते. त्यातली एक तर घरी मोठं भांडण करून आली होती. परतीच्या वाटेवर ती एक शब्द बोलली नाही. चूक तिची नव्हती. चूक प्लॅन करणाऱ्याची होती, आणि प्लॅन मी केला होता.

म्हणून यंदाच्या फेब्रुवारीत पुन्हा गेलो, तेव्हा हॉटेल आणि प्लेलिस्ट सोडून आधी दोनच गोष्टींचा विचार केला. वेलाचा महिना कोणता आणि आपल्यातल्या प्रत्येकाचं वय काय. तुम्हीही इथूनच सुरुवात करा. बाकी सगळं त्यातून आपोआप ठरत जातं.

कात्रीने बनवलेला ऋतू

आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचे मामा दिंडोरी तालुक्यात द्राक्षं करतात. एप्रिलच्या ट्रिपचे फोटो त्यांनी तिच्या स्टेटसवर पाहिले आणि तिला फोन करून विचारलं, “छाटणीत कोण जातं गं द्राक्षं बघायला?” त्या एका प्रश्नामुळे आम्हाला द्राक्षाचं वेळापत्रक कळलं. कुठल्याही ट्रॅव्हल व्हिडिओत ते धड सांगितलेलं मला तरी सापडलं नव्हतं.

युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते, वसंतात फुटते आणि काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. आपल्याकडे तिला झोपवेल अशी थंडी नाही, आणि ऑगस्टमध्ये फळ धरलं तर पाऊस ते झोडपून काढणार. मग शेतकरी काय करतो? कात्री घेऊन ऋतूच बदलतो. वर्षातून दोनदा छाटणी आणि पीक एकदाच. एप्रिलच्या सुमारास ‘खरड छाटणी’ होते. वेल जवळपास बोडका केला जातो. त्यावर नव्या काड्या फुटतात आणि पावसाळाभर त्या पक्व होत जातात. गंमत म्हणजे पुढच्या हंगामात जो घड तुम्ही खाणार, त्याची तयारी त्या काडीच्या डोळ्यात उन्हाळ्यातच होऊन बसलेली असते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी, ‘गोडी छाटणी’. डोळे सगळीकडे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावतात. तिथून साधारण चार महिन्यांनी फळ काढणीला येतं.

म्हणजे कॅलेंडर हातात घ्या. जानेवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा हा बघण्याचा काळ. वाइनच्या द्राक्षांची तोडणी याच काळात होते, त्यामुळे वायनरीत टाक्या भरलेल्या आणि प्रेस चालू असतात. नेमका आठवडा विचाराल तर मी फेब्रुवारीचा पहिला-दुसरा सांगेन, कारण सकाळी गारवा असतो आणि खाण्याची द्राक्षंही बाजारात आलेली असतात. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर हिरवळ, ढग, भरलेलं गंगापूर धरण सगळं मिळेल. फक्त घड मिळणार नाहीत. फोटोच हवे असतील तर तो काळही वाईट नाही. एप्रिलमध्ये काय मिळतं ते सांगून झालंय.

आणि हा चार महिन्यांचा काळ शांत नसतो, हे मामांच्या बागेत उभं राहिल्यावर कळलं. नोव्हेंबर-डिसेंबरात अवकाळी आला की डाऊनी येते, म्हणजे पानांवर आणि कोवळ्या घडांवर बुरशी. कोरडी थंडी पडली की भुरीची धास्ती. फळात गोडी भरत असताना पाऊस झाला तर मणी तडकतात, आणि तडकलेला घड पेटीत भरता येत नाही. थंडी फार वाढली तरी मणी तडकण्याची भीती असतेच. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या तुम्ही दर डिसेंबर-जानेवारीत वाचता ना, त्या दिवसांत तिथले शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, ठिबकने पाणी सोडतात. आपण ‘नाशिकला काय मस्त थंडी आहे’ म्हणून स्टोरी टाकतो, तेव्हा कुणीतरी पहाटे चार वाजता बागेत लाकडं ओढत असतो.

बिया असलेलं द्राक्ष

गाडीवर मिळणारं थॉमसन, सोनाका किंवा काळं शरद आपण खातो. ती सगळी खाण्याची द्राक्षं. बी नाही, साल पातळ, मणी मोठा. वाइनचं द्राक्ष वेगळंच असतं. मणी छोटा, साल जाड, आत बिया आणि गोडी खाण्याच्या द्राक्षापेक्षा जास्त. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यॉं, सोव्हिन्यॉं ब्लॉं, शेनिन ब्लॉं ही नावं वायनरीच्या पाट्यांवर दिसतील. उच्चार चुकला तर चुकू द्या. तिथल्या बागेत काम करणाऱ्या बायका आपल्या पद्धतीनेच म्हणतात आणि कोणाचं काही अडत नाही.

टूरवर संधी मिळाली तर एक प्रयोग करा. विचारून एक काळा मणी घ्या, साल काढा आणि आतला गर पिळा. रस जवळजवळ बिनरंगी निघतो. रेड वाइनचा रंग रसाचा नसतोच, तो सालीचा असतो. म्हणून रेड बनवताना रस आणि साल एकत्र आंबवतात, आणि व्हाइटसाठी आधी दाबून रस वेगळा करतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, टाकीवर कान लावला तर आत काहीतरी चाललंय हे जाणवतं. अकरावीच्या केमिस्ट्रीत हे वाचलं होतं. तिथे ते पहिल्यांदा पटलं.

साखर मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाचं दुर्बिणीसारखं छोटं यंत्र असतं. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचं आणि आकडा वाचायचा. त्या आकड्याला ‘ब्रिक्स’ म्हणतात. तो बरोबर येईपर्यंत तोडणी नाही, आणि आला की एक दिवसही थांबायचं नाही. तोडणी हाताने होते, तीही पहाटेच्या गारव्यात, कारण उन्हात तापलेलं द्राक्ष क्रेटमध्येच आंबायला लागतं. सकाळी अकराला आरामात पोहोचलात तर हा भाग हुकला म्हणून समजा.

टूरचा शेवट टेस्टिंगने होतो. तिथे एक बादलीसारखं भांडं ठेवलेलं असतं. ते थुंकण्यासाठी आहे. हो, खरंच. वाइन तोंडात फिरवून थुंकून टाकणं हा तिथे उद्धटपणा नाही, ती पद्धतच आहे. ज्यांना पुढे गाडी चालवायची आहे किंवा नुसती चव बघायची आहे, त्यांनी लाजू नका.

नाशिकमध्ये हे सगळं आलं कुठून, हे दोन ओळींत. महाराष्ट्रात वाइनचा उद्योग १९८०च्या दशकात पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात उभा राहिला होता. नाशिकची चर्चा सुरू झाली ती ‘सुला’मुळे. अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी १९९९मध्ये गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर ती उभी केली, आईच्या, सुलभा यांच्या नावावरून तिचं नाव ठेवलं आणि २०००मध्ये पहिली वाइन बाजारात आणली. २००१मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रियेसाठी धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, आणि बघता बघता वायनरी वाढल्या.

मामा याच लाटेत होते. त्यांनी खाण्याची बाग काढून दोन एकर वाइनची द्राक्षं लावली. करार होता, खात्रीचा माल होता, युरोपला जाणाऱ्या द्राक्षासारखी मण्यामण्याची निगा राखायची गरज नव्हती. मग २००८-०९ची मंदी आली. हॉटेलं रिकामी पडली, वाइनचा खप घसरला, काही ठिकाणी ठरलेला माल उचलला गेला नाही, काही ठिकाणी पैसे अडकले. नाशिक भागात त्यानंतर अनेकांनी वाइनच्या बागा तोडल्या. मामांनीही तोडली. “कुऱ्हाड मीच चालवली, दुसऱ्याला सांगवेना,” ते म्हणाले. आता त्या जागेवर पुन्हा खाण्याची द्राक्षं आहेत. शेजारच्या गावात मात्र वाइनची बाग टिकवून धरलेले आहेत आणि त्यांचं बरं चाललंय, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांना कोणाविषयी तक्रार करायची नव्हती.

मामांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. दोन एकर शिराझ सहा वर्षं पिकवली आणि त्याची वाइन कधी चाखली नाही. चहा पिताना त्यांनी आम्हाला विचारलं, “तुम्ही पोरांनी घेतली ना? कशी लागते?”

आमच्यात चव बघितलेले तिघं होतो. एक म्हणाला तुरट. मी म्हटलं, थोडी आंबट, मागून जांभळासारखी. मामांनी मान डोलावली आणि म्हणाले, “जांभळासारखं तर ते द्राक्षही लागायचं.”

मी हे का सांगतेय? कारण टेस्टिंग रूममध्ये मिळणारी माहिती टेस्टिंग रूमपुरतीच असते. तुमच्या वर्गात नाशिक, निफाड, दिंडोरी, चांदवडकडचं कोणीतरी असतंच. हॉस्टेलमध्ये तर नक्की असतं. आधी त्याला किंवा तिला गाठा. ‘तुमच्याकडे बाग आहे का, सकाळी तासभर आलो तर चालेल का?’ एवढंच विचारायचं. फक्त तोडणीच्या दिवसांत घरच्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, हे लक्षात ठेवा. सात जणांनी जाऊन जेवणाची वाट बघत बसू नका. आणि औषध फवारणी झाली असेल तर घड तोडून तोंडात टाकू नका, आधी विचारा.

वय, परवाना आणि घरी काय सांगायचं

आता तो दुसरा प्रश्न. महाराष्ट्रात वाइन आणि सौम्य बिअरसाठी वयाची अट एकवीस आहे, कडक दारूसाठी पंचवीस. शिवाय कागदोपत्री मद्यसेवनाचा परवानाही लागतो, हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीतच नसतं. म्हणजे एफवाय, एसवायमधले जवळजवळ सगळे आणि टीवायमधले बरेच जण टेस्टिंगला बसूच शकत नाहीत. वायनरीवाले ओळखपत्र बघतात आणि त्यांनी ते बघायलाच हवं. ‘चालतं रे, कोण विचारतंय’ म्हणणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याच्या भरवशावर चारशे किलोमीटरचा प्रवास आखू नका.

ग्रुपमधल्या एकाचंही वय बसत नसेल किंवा एखाद्याला प्यायचीच नसेल, तर ट्रिप टेस्टिंगभोवती आखायची नाही. बागेभोवती आखायची. आम्ही दुसऱ्यांदा तसंच केलं. सकाळ मामांच्या बागेत, दुपारी फक्त टूर, टेस्टिंगसाठी अर्धा तास. तो अर्धा तास बाकीचे दोघं गंगापूर धरणाच्या काठावर होते आणि त्यांनी काढलेले फोटो आमच्यापेक्षा चांगले आले. पक्ष्यांची आवड असेल तर पहाट नांदूरमधमेश्वरला घालवा. निफाड तालुक्यातलं हे पक्षी अभयारण्य राज्यातलं पहिलं रामसर स्थळ आहे, आणि द्राक्षांचा हंगाम हाच तिथल्या पाहुण्या पक्ष्यांचाही हंगाम. तिथून पिंपळगाव बसवंतकडे आलात की द्राक्षाच्या पेट्या भरताना बघता येतात. या मार्गावर वाइनचा थेंबही न घेता दिवस पुरत नाही.

घरी काय सांगायचं? खरं. हा सल्ला मी आदर्श म्हणून देत नाहीये, अनुभवाने देतेय. ‘त्र्यंबकेश्वरला चाललोय’ सांगून गेलेल्याचं बिंग टॅग केलेल्या एका फोटोने फुटतं. २०२२च्या जानेवारीत सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचा निर्णय घेतला होता, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नाही यावर राज्यभर किती वाद झाला ते आठवा. निर्णय अमलात आला नाहीच. तो वाद आपल्या प्रत्येकाच्या जेवणाच्या टेबलावरही झाला आहे. त्यामुळे ‘आई, ती दारू नसतेच गं’ हे वाक्य टाळा. वाइनमध्ये साधारण बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं, बिअरपेक्षा जास्त. आईला ते माहीत आहे. त्याऐवजी कोण कोण आहे, कशाने जाणार, किती वाजता परत, हे सांगा. माझ्या आईने एवढंच विचारलं, “गाडी कोण चालवणार?”

तिचा प्रश्न बरोबर होता. पिऊन गाडी चालवण्याची पहिली शिक्षाच दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी आहे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा, आणि ती दोन-तीन ग्लासांत सहज ओलांडली जाते. वर वाटेत कसाऱ्याचा घाट. बाईकवर जायचा विचार असेल तर एक तर टेस्टिंग सोडा किंवा बाईक सोडा. समृद्धी महामार्ग आता आमण्यापर्यंत झालाय खरा, पण त्यावर दुचाकीला प्रवेश नाही, हेही निघण्याआधी माहीत असू द्या.

मग कसं जायचं? मुंबईकरांनी ट्रेन. सगळे पहिलं नाव पंचवटी एक्स्प्रेसचं घेतात आणि तिथेच फसतात. पंचवटी ही नाशिककरांची गाडी आहे. सकाळी ती मुंबईला येते, संध्याकाळी परत जाते. आपल्याला उलटी दिशा हवी. सकाळी सहा-सव्वासहाच्या सुमारास सीएसएमटीवरून सुटणारी तपोवन एक्स्प्रेस धरली तर दहाच्या आत नाशिकरोड. तीच जोडी संध्याकाळी परतीलाही मिळते. वेळ ॲपवर तपासूनच निघा. सेकंड सीटिंगचं आरक्षण शे-सव्वाशे रुपयांच्या आसपास पडतं, आणि फेब्रुवारीतल्या शनिवार-रविवारी ते लवकर संपतं. अगदीच ऐनवेळी ठरलं तर कसाऱ्यापर्यंत लोकल आणि तिथून शेअर टॅक्सी किंवा एसटी. हा जुगाड आहे, पण वर्षानुवर्षं चालतो. पुणेकरांना एसटी किंवा गाडी, साडेचार-पाच तास धरा. चाकण आणि नारायणगावने तुमचा अंदाज चुकवलाच तर मला दोष देऊ नका.

एक गोष्ट मुंबईकर हमखास विसरतात. नाशिकरोड स्टेशन म्हणजे नाशिक नव्हे. स्टेशनपासून शहर आठ-दहा किलोमीटर आणि गंगापूर-सावरगावकडच्या वायनरी त्याच्याही पलीकडे. सुला आणि यॉर्क याच बाजूला आहेत. ग्रोव्हर झंपा आणि व्हॅलोने इगतपुरी तालुक्यात, शांदोन दिंडोरीत. नकाशावर सगळ्या जवळ दिसतात, म्हणून एका दिवसात तीन आखायचा मोह होतो. एकच करा, फार तर शेजारच्या दोन. जाताना रिक्षा मिळते, संध्याकाळी परत यायला मिळत नाही. पाच जण असाल तर दिवसभरासाठी गाडी ठरवलेली स्वस्त पडते, आणि ड्रायव्हरकाकांना जेवायला आपल्याबरोबर बसवा.

वार शक्यतो मंगळवार-बुधवार. शनिवार-रविवारी टूरला रांग असते आणि गाईडचा आवाज तिसऱ्या ओळीपर्यंत पोहोचत नाही. टूरचं बुकिंग आधी करा, वय आणि दर फोन करूनच विचारून घ्या. आणि २६ जानेवारीचा लाँग वीकेंड दिसला म्हणून उड्या मारू नका, तो ड्राय डे असतो. मतदानाच्या दिवसांचंही तेच. रिकाम्या पोटी टेस्टिंगला बसू नका. नाशिकला येऊन मिसळ न खाणं तसंही शक्य नाही, दही-पापडासकट खा आणि मग निघा. वायनरीतल्या रेस्टॉरंटचं मेनूकार्ड बघाल तर मिसळीचं महत्त्व आणखी पटेल.

शेवटचं खरेदीचं. बाटली घ्यायची की नाही ते तुमचं तुम्ही आणि तुमच्या घरच्यांनी ठरवा. द्राक्षांची पेटी मात्र घ्या, रस्त्याकडेला किंवा थेट बागेतून. आम्ही मामांकडून दोन पेट्या घेतल्या. पैसे घ्यायला ते तयार नव्हते, भाचीने बळेबळे खिशात कोंबले. परतीच्या तपोवनमध्ये एक पेटी सीटखाली ठेवली आणि कल्याण येईपर्यंत तिच्यावर कुणाची तरी ट्रॉली बॅग बसली होती. दुसरी पेटी ‘ती’ने, म्हणजे एप्रिलमध्ये गप्प बसून आलेल्या मैत्रिणीने, अख्खा प्रवास मांडीवर धरली. तिला एकवीस पूर्ण व्हायला अजून दोन महिने होते. ठाण्याला उतरताना म्हणाली, “पुढच्या वर्षी निफाड करू. शेकोटीच्या वेळी.”

ग्रुपचं नाव आम्ही बदललंय. तारीख अजून ठरायची आहे, मामा गोडी छाटणी कधी करतात त्यावर.